वजाबाकी सर

सरांच्या शर्टाला खिसा नसायचा. शर्ट शिवायला टाकतानाच ते शिंप्याला बजावायचे, खिसा नको. पेन कुठे ठेवणार? पेन ऑफिसात असतं. चष्मा? तो डोळ्यांवर असतो. मग शिंपी मुकाट्याने खिशाचं कापड बाजूला काढायचा आणि सर खुशीत घरी जायचे. एखादी गोष्ट आयुष्यातून कमी झाली की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते इतरांच्या चेहऱ्यावर बोनस मिळाल्यावर येतं.

माझं आज जे काही चाललंय ते सरांनी शिकवलेल्या कामावर चाललंय. कुणी विचारलं तर मी तसं सांगतेही, कारण ते खरं आहे. पण सांगताना तोंड कडू होतं, आणि तेही तितकंच खरं आहे.

अंधेरीला मरोळच्या एका औद्योगिक वसाहतीत आमचं ऑफिस होतं. उपनगरांतल्या लहानसहान पॅथॉलॉजी लॅबना आम्ही रिपोर्ट छापायचं सॉफ्टवेअर पुरवायचो, आणि ते चालवायला कॉम्प्युटरही. त्या सगळ्या कॉम्प्युटरांवर विंडोजऐवजी लिनक्स, आणि लिनक्सवर सरांचं राज्य.

त्या राज्याचा कायदा थोडा सांगायला हवा, नाहीतर माणूस कळायचा नाही. कॉम्प्युटरवर प्रोग्राम टाकायचा म्हणजे बहुतेक लोक रेडीमेड शर्ट आणावा तसा तयार आणून टाकतात. सरांच्या लिनक्सची जातच वेगळी. तिथे नुसतं कापड यायचं, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, आणि तो आपल्या मशीनवर आपणच शिवून घ्यायचा. शिवताना ठरवायचं, ह्यात छपाईची सोय हवी का? आवाजाची? ब्लूटूथची? प्रत्येक सोयीला एक शब्द ठरलेला. एका फाईलमध्ये तो शब्द लिहिला की सोय आत, शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह मारलं की बाहेर. सरांच्या फाईलमध्ये वरपासून खालपर्यंत वजाच वजा. त्यामुळे ऑफिसात पाठीमागे त्यांचं नाव ‘वजाबाकी’ आणि तोंडावर ‘सर’. मी मनात दोन्ही जोडून टाकलं होतं.

प्रत्येक वजापुढे कारण लिहायचं, ही त्यांची शिस्त. मलाही त्यांनी ती लावली. “काय केलंस ता मशीन सांगता. कित्याक केलंस ता माणसान लिहूचा लागता,” असं ते म्हणायचे. एरवी ते तुमच्या-आमच्यासारखं मुंबईचं बोलायचे, पण शिकवताना आणि चिडल्यावर मालवणी बाहेर पडायची. स्वतःची कारणं मात्र ते फार लिहीत नसत. बहुतेक ओळींपुढे रोमन अक्षरांत एकच शेरा असायचा, कित्याक होया. म्हणजे, हवंय कशाला?

हा प्रश्न ते फक्त कॉम्प्युटरला विचारत नसत. कॅन्टीनमध्ये मिसळ मागवायचे ती फरसाण नको, कांदा नको, लिंबू नको अशी. कॅन्टीनवाला एकदा वैतागला. “अहो सर, मग सरळ उसळ मागवा ना.”

“उसळीत तू खोबरं टाकतोस,” सर म्हणाले.

त्यांच्या मुलुंडच्या घरात खुर्च्या दोनच होत्या. माणसं दोन, खुर्च्या दोन. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकू, म्हणजे त्यांची बायको, पूर्ण वेळ स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. मी उठायला लागले तर सर म्हणाले, “बस गो, तिला सवय आहे.” दाराला बेल नव्हती. घरात टीव्ही नव्हता, रेडिओ नव्हता. काकूंना गाण्याचं वेड. त्यांनी एक छोटा स्पीकर घेतला होता आणि तो शेजारच्या बाईंकडे ठेवला होता. दुपारची भांडी आवरली की त्या शेजारी जाऊन गाणी ऐकून यायच्या. सरांना हे माहीत होतं. शेजारच्या घराबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

हसू नका, किंवा हसा. आम्हीही हसायचोच. पण त्यांचं दुसरं एक वाक्य होतं, “जे नाही ते मोडत नाही,” आणि ते एकदा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खरं ठरलं. छपाईच्या एका सोयीत भोक सापडलं. बाहेरचा कुणीही त्या भोकातून कॉम्प्युटरात शिरू शकत होता. आजूबाजूच्या कंपन्यांची वाट लागली. पोरं घरी न जाता मशीनं पुसत बसली होती. आमच्या लॅबा ठणठणीत चालू. ती सोय सरांनी कधीच कापून टाकली होती, रिपोर्ट छापायचा दुसरा साधा मार्ग ठेवून. आमच्या शेठनी सगळ्यांसमोर सरांना मिठी मारली. सर लाकडासारखे उभे राहिले, मिठी संपल्यावर शर्ट सारखा केला आणि कामाला लागले. त्या दिवसापासून त्यांच्या फाईलला बोट लावायची कुणाची छाती राहिली नाही. शेठचीसुद्धा नाही. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला होता.

त्याच वर्षी सुजाता आली.

सुजाता जन्मापासून आंधळी. घाटकोपरला राहायची, आईवडील बुलढाण्याकडचे, वडील बेस्टमध्ये. ती मेट्रोने एकटी यायची आणि काठी घडी करून टेबलाच्या खणात टाकायची. लॅबवाल्यांचे तक्रारीचे फोन घेण्यासाठी तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. फोनवर तिचा हात धरणारा कुणी नव्हता. चिडलेला डॉक्टर दोन मिनिटांत तिच्याशी हसून बोलायला लागायचा. पण तक्रार ऐकली की ती कॉम्प्युटरवर नोंदवायचीही होती, आणि तिथे घोडं अडलं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी स्क्रीन रीडर असतो. तो पडद्यावरचं वाचून कानात सांगतो. त्यासाठी आवाजाची आणि वाचेची, अशा दोन-तीन सोयी लागतात. सरांनी ऑफिसातल्या एकूण एक कॉम्प्युटरमधून आवाज कापलेला. घरचा लॅपटॉप आणायला बंदी, तोही सरांचाच नियम. म्हणून सुजाता तोंडाने सांगायची आणि शेजारची मुलगी टाईप करायची. शेठ म्हणाले, हे असं चालणार नाही, एका कामाला दोन पगार मी देणार नाही. सहा महिने संपायच्या आत तिने स्वतः नोंदी करून दाखवल्या तर ती पक्की, नाहीतर राम राम.

म्हणजे तिची नोकरी एका वजाच्या चिन्हावर येऊन थांबली होती.

मी सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं.

“एक सोय उघडली की तिच्या पाठून तिचे सोयरे येतात,” ते म्हणाले. “आवाज आला की आवाजाचं सगळं खानदान आलं. एका माणसासाठी मी सगळ्या मशीनांवर ओझं टाकू?”

“सगळ्या नको सर. फक्त तिच्या.”

“म्हणजे एक मशीन वेगळं. मग ते कोण सांभाळणार?”

“मी.”

“आणि तू गेलीस की?”

मग सुजाता स्वतः गेली. ती स्पष्ट बोलणारी. “सर, तुमच्या पडद्याचा उजेड तुम्हाला लागतो ना? तो बंद करा की. मला तर नाही लागत.”

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “तू हुशार आहेस,” म्हणाले. “पण सिस्टम हुशारीवर चालत नाही.”

इथे मनोरीच्या पिकनिकचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मार्वेहून तरीने खाडी ओलांडून आम्ही पलीकडे मनोरीला गेलो होतो, प्रत्येकाच्या पाठीवर फुगलेली बॅग. सर फक्त हातरुमाल घेऊन आले होते आणि आमच्या बॅगांकडे बघून गालातल्या गालात हसत होते. बारा वाजता ऊन डोक्यावर आलं तसा त्यांचा घसा सुकला. सुजाताने त्यांचा आवाज ऐकूनच ओळखलं. “घ्या ना सर, माझ्याकडे दोन बाटल्या आहेत.” सर एक बाटली घटाघट प्यायले. परत देताना म्हणाले, “दोन कित्याक आणलीस?” सगळे हसले. मीही हसले. सरांची वजाबाकी दुसऱ्याच्या बेरजेवर चालायची, हे मला तेव्हा कळायला हवं होतं असं नाही, पण आता मी विसरू शकत नाही.

शेवटी मी शेठना भेटले. शेठ बेरकी. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. “बघा काय जमतं ते.” मी तेवढ्यावर सुजाताच्या मशीनपुरता वजा काढला आणि सगळं नव्याने शिवलं. शुक्रवारी तिने इयरफोन लावला आणि पहिली कळ दाबली. मशीन तिच्या कानात काय बोललं ते मला ऐकू आलं नाही, पण तिने टेबलावर थाप मारली. “झकास! बोलतंय गं!” दिवसभर तिने स्वतः नोंदी केल्या. शेजारच्या मुलीपेक्षा जलद. शेठनी लांबून पाहिलं आणि सांगितलं, सोमवारी मी स्वतः शेजारी बसून बघतो, आणि काय ते ठरवून टाकतो.

सोमवारी सुजाता नवीन ड्रेस घालून आली. शेठ खुर्ची ओढून शेजारी बसले. फोन वाजला. मुलुंडच्या एका लॅबची तक्रार होती. तिने गोड आवाजात नमस्कार केला, इयरफोन लावला आणि कळ दाबली. मग पुन्हा दाबली. मग दुसरी. मग इयरफोन काढून फुंकला आणि पुन्हा लावला. पलीकडून तो माणूस हॅलो, हॅलो करत होता. मी धावत गेले. मशीन मुकं झालं होतं. वाचा गेली होती, आवाज गेला होता, मी आत घेतलेलं सगळं धुऊन काढलेलं होतं. शेठ घड्याळाकडे बघत उठले. “ठरलं मग,” म्हणाले आणि निघून गेले.

मी सरांच्या खोलीत शिरले तेव्हा ते दाराकडे पाठ करून बसले होते.

“मशीन घाण झालं होतं,” ते म्हणाले. “मी साफ केलंय.”

“सर, आज तिची परीक्षा होती. तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत होतं. चालू झालं असतं तर कायमचं राहिलं असतं.”

त्यांच्या पडद्यावर ती फाईल उघडी होती. वाचेच्या सोयीची ओळ त्यांनी त्याच दिवशी नव्याने लिहिली होती. आधी वजा, मग शब्द, आणि पुढे तो शेरा. त्यांच्यापुरतं कारण लिहून झालं होतं.

सुजाताने काठी उघडली आणि ती गेली. जाताना माझा दंड दाबून म्हणाली, “तू नको भांडूस. तुझीपण जाईल.” मी भांडलेच, आणि थोड्याच दिवसांत मीही ती नोकरी सोडली. पण त्याने तिचं काही भलं झालं नाही. ती पुढे बरेच दिवस घरी होती. फोन केला की हो-नाही एवढंच बोलायची. ज्या मुलीच्या आवाजावर अख्खी उपनगरं शांत व्हायची, तिचा आवाज ऐकण्यासाठी मला फोन कानाला दाबून धरावा लागायचा. ह्याबद्दल मी सरांना माफ केलेलं नाही. करायचा विचारही नाही.

एकदा, हे सगळं व्हायच्या आधी, त्यांनी मला लहानपणचं सांगितलं होतं. वडिलांची गिरणी बंद पडली आणि घरातल्या वस्तू एकेक करून विकल्या गेल्या. रेडिओ गेला त्या दिवशी आई रडली. “मी तेव्हाच ठरवलं,” सर म्हणाले, “जे गेलं तर रडू येईल ते घरात आणायचंच नाही.” ऐकून मला वाईट वाटलं होतं. आजही आठवलं की वाटतं. पण रडायची सोय स्वतःपुरती बंद करावी माणसाने. दुसऱ्याची कशाला करायची?

गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. सरांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी फार पूर्वीच निदान करून रोज घालायला थेंब दिले होते. थेंबांनी जास्त दिसत नाही, फक्त आहे ते टिकतं. सरांनी काही दिवस घातले, बघितलं तर काही फरक नाही. दिसतंय ना? मग कित्याक? काकू न सांगता बाटली उशाशी ठेवायच्या आणि सर ती उचलून कपाटात टाकायचे. एकेका बाजूने उजेड कमी होत गेला तेव्हाही त्यांना वाटलं, चष्म्याचा नंबर असेल. आता दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, आणि गेलेलं परत येणार नव्हतं.

“ह्यांनी बोलवलेलं नाही तुला,” काकू म्हणाल्या. “मी बोलावतेय. दिवसभर त्या मशीनसमोर नुसते बसून असतात गं.”

मी गेले. ज्याने हातात काम दिलं त्याच्या घरी वेळेला जायचं, असं वळण मला आईवडिलांनी लावलंय. त्याच्यापुढे वजा मारणं मला जमलं नाही.

रविवारची दुपार होती. सर एका खुर्चीवर बसले होते, बोटं कीबोर्डवर. माझा आवाज ऐकून ते उठले आणि खुर्ची चाचपून माझ्याकडे सरकवली. आयुष्यात पहिल्यांदा. स्वतः पलंगाच्या कडेला बसले. शर्टाला खिसा नव्हताच.

“टर्मिनल तेवढा वाचूक होया,” ते म्हणाले. “बाकी काय नको.” टर्मिनल म्हणजे चित्रं नसलेला, नुसत्या अक्षरांचा पडदा.

मी फाईल उघडली. ऑफिसातल्या फाईलचीच नक्कल होती, ओळ न ओळ तीच. वाचेच्या ओळीशी आले आणि विचारलं, “काढू?”

“वजा काढ.”

मी वजा काढला. फक्त वजा. पुढचा शेरा तसाच ठेवला. मुद्दाम.

मग मशीन शिवायला लागलं. आवाज नाही म्हणून आवाज, त्याच्यासाठी आणखी काही, त्या आणखी काहीसाठी आणखी. अगदी तळापासून सगळं नव्याने करावं लागणार होतं. सर मशीनमधल्या पंख्याच्या घरघरीवरून अंदाज घेत होते. “इतका?” ते पुटपुटले. मी म्हटलं, “इतकं लागतं सर.” काकूंनी चहा दिला. त्या दुसऱ्या खुर्चीवर बसल्या होत्या.

“सुजाता आठवते?” मी विचारलं.

“आठवते.”

“बोरिवलीला एका संस्थेत शिकवते आता. ह्याच गोष्टी. स्क्रीन रीडर कसा वापरायचा ते.”

सरांनी कप दोन्ही हातांत फिरवला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोललेही. “तेव्हा लागत नव्हतं.”

“कोणाला, सर?”

त्यांनी कप खाली ठेवायला जागा शोधली. काकूंनी तो हातातून काढून घेतला.

संध्याकाळ व्हायच्या आत काम झालं, तेव्हा लक्षात आलं की ह्या घरात आवाज निघायला काही नाहीच. काकू उठल्या, शेजारी गेल्या आणि त्यांचा स्पीकर घेऊन आल्या. मी तो वायरने जोडला. वाचायचा वेग सगळ्यात कमी ठेवला. मग सरांचं बोट धरून खालच्या बाणाच्या कळीवर ठेवलं. “एकदा दाबलं की एक ओळ.”

समोर तीच फाईल उघडी होती. सरांनी कळ दाबली. एका गोऱ्या माणसाचा आवाज सावकाश म्हणाला, मायनस ब्लूटूथ, किट्याक होया. सर दचकले. पुन्हा दाबली. मायनस कॅमेरा, किट्याक होया. मायनस प्रिंट, किट्याक होया. एकेक ओळ उतरत होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तो परका आवाज त्यांना त्यांचाच प्रश्न विचारत होता. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय करत होत्या ते मला दिसलं नाही. मग ती ओळ आली. मायनस नव्हता. स्पीच, किट्याक होया.

सरांचं बोट थांबलं. त्यांनी वरची कळ शोधली, एक ओळ मागे गेले आणि पुन्हा खाली आले. स्पीच, किट्याक होया.

“ता काढ,” ते म्हणाले.

“तुम्हीच काढा सर,” मी म्हटलं. “आता ऐकू येतंय तुम्हाला.”

मी निघाले. जिन्यावरून उतरताना तो आवाज मागून येत होता. ते ती ओळ शोधत होते की पुन्हापुन्हा ऐकत होते, कुणास ठाऊक.

घरी आल्यावर मी सुजाताला फोन केला आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती हसेल. शिव्या देईल. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“वाचायचा वेग किती ठेवलायस?” तिने विचारलं.

“सगळ्यात हळू. नवीन माणूस म्हणून.”

“वाढव गं. आम्ही सगळे पळवतच ऐकतो. जलद ऐकलं की नुसता अर्थ कळतो. हळू ऐकलं की एकेक शब्द टोचतो.”

वेग वाढवायची कळ मला माहीत आहे. सरांना माहीत नाही. मी ती त्यांना अजून सांगितलेली नाही.